'निघालोच' म्हणणारा प्रोग्राम

आमच्याकडं फोनवर कोणी "निघालो" म्हणाला, तर समजायचं की माणूस आंघोळीला निघाला. "पोचूनच राहिलो" म्हणाला, तर तो चप्पल शोधतो आहे. यात कोणाला खोटं बोलायचं नसतं. समोरच्याला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून आधी त्याचं समाधान करायचं आणि मग कामाला लागायचं, अशी आमची रीत. मीही त्यातलीच. अमरावतीत जन्मले, शाळेचा प्रत्येक उन्हाळा अकोल्याला मामाकडं काढला, आणि बोलायला लागले तेव्हापासून "भरलंच", "आणलंच", "झालंच" म्हणत आले. तोंडानं म्हणते तोवर ठीक होतं. मी ते कोडमध्ये लिहून बसले, आणि त्यापायी माझं घर सुटायची वेळ आली होती.

मी प्रोग्रामर आहे. पुण्याच्या एका कंपनीचं काम अमरावतीतल्या घरी, मागच्या खोलीत बसून करते. त्याआधी पुण्यात बरीच वर्षं काढली. तिथं मी "करून राहिली" म्हटलं की कोणीतरी हसायचं. प्रेमानंच हसायचं, पण हसायचं. मग मी प्रत्येक वाक्य तोंडातल्या तोंडात धुऊन बाहेर काढायला शिकले. लग्न झालं ते दर्यापूरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाशी. मी कंपनीला विचारलं, घरून काम केलं तर चालेल का, आणि ते हो म्हणाले. परत आल्यावर पहिल्याच सकाळी दारावरच्या भाजीवाल्या बाईनं "काय घेऊन राहिली वो बाई?" असं विचारलं आणि मला रडू फुटलं. कोथिंबिरीला सांबार म्हणायला मिळालं यात रडण्यासारखं काय आहे, असं नवऱ्याला वाटलं. त्याला काय समजणार, तो कधी बाहेर राहिलाच नव्हता.

आता कामाबद्दल थोडं सांगते, कंटाळू नका. आमची कंपनी पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवते. रक्ताचा रिपोर्ट तयार झाला की लॅबचा प्रोग्राम एक निरोप सोडतो. तो निरोप थेट डॉक्टरकडं जात नाही, मध्ये एक मेसेज ब्रोकर असतो. तोही प्रोग्रामच, पण त्याचं काम एवढंच की निरोप घ्यायचा, सांभाळायचा आणि ज्याचा त्याला द्यायचा. दिल्यावर तो थांबतो. समोरच्यानं "मिळाला" अशी पोच दिली, की मग आपल्याकडची प्रत टाकून देतो. हा समोरचा म्हणजे क्लायंट, तोही प्रोग्रामच, आणि तो लिहायचं काम माझ्याकडं होतं. ब्रोकरकडून निरोप घ्यायचा, रिपोर्टची फाईल बनवायची, डॉक्टरच्या फोनवर पाठवायची. वाचायला सोपं आहे, लिहायलाही सोपंच होतं.

भानगड होती टेस्टची. आम्ही जे कोड लिहितो त्याची परीक्षा घ्यायला आणखी कोड लिहितो. कोडचा एक तुकडा बाकीच्या जगापासून बाजूला काढायचा आणि त्याला विचारायचं, बाबा रे, तुला हे दिलं तर तू काय करशील? बरोबर उत्तर आलं की हिरवं, चुकलं की लाल. याला युनिट टेस्ट म्हणतात. माझ्या टेस्ट मात्र जगापासून बाजूला नव्हत्या. त्या चालवायच्या तर पुण्याच्या ऑफिसातला खराखुरा ब्रोकर चालू असावा लागायचा. इकडं मे महिना, घरोघरी कूलर सुरू, दुपार झाली की लाइट जाणार आणि लाइटसोबत नेट जाणार. कोडमध्ये एक चूक नाही आणि टेस्ट सगळ्या लाल. परीक्षेला जाताना एसटी बंद पडली म्हणून पोराला नापास करावं, तसला प्रकार.

आमचे लीड, म्हणजे टीमचे प्रमुख, पुण्यात बसतात. सज्जन माणूस. आवाज कधी चढवत नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग येतो, कारण भांडायला काही हाताला लागत नाही. एका सकाळी कॉलवर ते म्हणाले, "तुमच्या टेस्ट पुन्हा लाल आहेत."

"नेट गेलं होतं सर."

"तेच म्हणतोय. तिकडे नेट जातं. तुमची अडचण मी समजू शकतो. पण वरचे लोक मला विचारतात. सोमवारी आपण बसू. टेस्ट विश्वास ठेवण्यासारख्या असतील तर ठीक. नसतील तर जूनपासून तुम्हाला इथं ऑफिसात बसावं लागेल."

एवढं बोलून त्यांनी मला शुभ दिवस वगैरे म्हटलं. मी लॅपटॉप मिटला आणि त्यांना मनातल्या मनात शुद्ध वऱ्हाडीत जे म्हणायचं ते म्हटलं. नवऱ्याची नोकरी कायमची आहे, दर्यापूर काही पुण्याला नेता येत नाही. म्हणजे तो इथं, मी तिथं, आणि महिन्यातून एकदा ट्रॅव्हल्सची रात्रभराची बस. मला जायचं नव्हतं. संध्याकाळी नवरा जीपमधून उतरून घरी आला तेव्हा मी त्याला चहासुद्धा न देता हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्याले म्हण, मी नाही येत."

"असं नसते म्हणता येत."

"मंग टेस्ट हिरव्या कर ना."

कधीकधी हा माणूस इतकं बरोबर बोलतो की त्याच्या डोक्यात काही फेकावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले. खरा ब्रोकर टेस्टमध्ये लागतोच कशाला? माझ्या क्लायंटला फक्त असं वाटलं पाहिजे की समोर ब्रोकर आहे. म्हणून मी एक खोटा ब्रोकर लिहिला. तो माझ्याच लॅपटॉपमध्ये राहणार, त्याला नेट लागणार नाही, पुणे लागणार नाही. क्लायंटनं हात पुढं केला की निरोप देणार, पोच दिली की "बरं" म्हणणार. हा उद्योग सगळ्या जगात करतात, मी काही शोध लावला नाही. पण पहिल्यांदा चालवला तेव्हा टेस्ट अशा भराभर हिरव्या होत गेल्या की मी खुर्चीतून उठले. नवऱ्याला बोलावलं आणि त्याच्यासमोर राउटरची वायर उपसून काढली.

"हे काय करून राहिली? माही मॅच सुरू आहे."

"पाह्य फक्त." मी पुन्हा टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या.

त्याला त्यातलं फार काही समजलं नाही, पण माझं तोंड पाहून तो खूश झाला. त्या आनंदात आम्ही बाहेर जाऊन गिला वडा खाल्ला, वरून दही जरा जास्त मागून घेतलं, आणि मी परत येताना स्कूटरवर गाणं म्हणत होते. मी लीडना निरोप टाकला, "टेस्ट झाल्या. सोमवारी दाखवते." मनात म्हटलं, जून आला तरी आता मला कोणी हलवत नाही.

शनिवारी आम्ही अकोल्याला गेलो. मामेबहिणीचं लग्न होतं, रविवारी सकाळचा मुहूर्त. मामाचं घर जुन्या शहरात, आणि मंगल कार्यालय मोर्णा नदीच्या अलीकडं, नव्या भागात. म्हणजे दर थोड्या वेळानं कोणीतरी पुलावरून ये-जा करत होतं. रविवारी आम्ही सगळे सकाळीच कार्यालयात पोचलो. घरी उरला होता फक्त मामेभाऊ. राहिलेलं सामान घेऊन त्यानं स्कूटरवर यायचं होतं. हा पोरगा मनानं सोन्यासारखा, कोणाच्याही कामाला धावणारा, पण आमच्या सगळ्या खानदानात "निघालोच" म्हणण्यात त्याचा हात कोणी धरत नाही.

मामीबद्दल आधी सांगायला पाहिजे. मामी लग्नघर चालवते ते फोनवर. तिनं कोणाला काम सांगितलं की ती त्याचा पिच्छा सोडत नाही. तो "झालं" म्हणेपर्यंत फोनवर फोन. समोरच्यानं उचलला नाही तर पुन्हा. कोणी दुसऱ्याच कामात अडकला, तर ते काम तिसऱ्याला. पण एकदा का कोणाच्या तोंडून "झालं" ऐकलं, की तिनं ते डोक्यातून काढलं. पुन्हा विचारणार नाही. मामी म्हणते, माणसाच्या शब्दावर एवढाही भरवसा नाही ठेवला तर लग्नं कशी लागतील?

तर त्या सकाळी मामी जरीच्या साडीत घाम पुसत फोनवर होती, आणि मी तिच्या बाजूला अक्षतांच्या पुड्या बांधत बसले होते. तिला आंतरपाटाची आठवण झाली. मुहूर्ताला नवरा-नवरीच्या मध्ये धरतात तो कापडाचा पडदा. विकत मिळतो, पण मामीनं तो हिवाळाभर बसून आपल्या हातानं भरला होता. लाल दोऱ्याचं स्वस्तिक, भोवती वेल. तिनं पोराला फोन लावला.

"आंतरपाट कपाटात वरच्या फळीवर हाय. घेतला का?"

"घेतलाच, आई."

"निघाला का?"

"निघालोच."

मामीनं फोन ठेवला आणि वाढप्यांना मठ्ठ्याबद्दल विचारायला गेली. आंतरपाट तिच्या डोक्यातून गेला.

इकडं मामाला बर्फाची काळजी. अकोल्याचं ऊन, मठ्ठा तापून चालला होता. मामानंही त्याच पोराला फोन केला, येताना बर्फ घेऊन ये. तो "आणतो" म्हणाला आणि त्याच्या फोनची बॅटरी संपली. मामानं पुन्हा फोन लावला तर बंद. वाट पाहिली, पुन्हा लावला, बंदच. शेवटी चिडून मामानं मंडपवाल्याच्या माणसाला बर्फाला पिटाळलं.

वरात दारात आली. गुरुजींनी सगळ्यांना उभं केलं. तेवढ्यात मामेभाऊ घामानं भिजून आत आला, मागं ऑटोत बर्फाच्या लाद्या. तोंडावर असा आनंद, जणू गड जिंकून आला.

मामी म्हणाली, "आंतरपाट दे."

त्यानं हाताकडं पाहिलं. मग स्कूटरकडं पाहिलं.

"काहून रे?"

"घेऊनच राहिलो होतो. कपाट उघडलं, तेवढ्यात बाबाचा फोन आला बर्फाचा. मंग मी बर्फाकडं गेलो."

"तू तं घेतलाच म्हटलं."

"घेऊनच घेणार होतो ना, म्हणून म्हटलं."

गुरुजींनी घड्याळाकडं पाहून घसा खाकरला. जुन्या शहरात जाऊन यायला वेळ नव्हता, आणि वरपक्षाची माणसं आता एकमेकांकडं पाहायला लागली होती. मामीनं मंडपभर नजर फिरवली आणि ती येऊन थांबली माझ्या नवऱ्यावर. उन्हात बांधायला म्हणून त्यानं आणलेला पांढरा सुती दुपट्टा त्याच्या खांद्यावर होता.

"जावईबापू, द्या तो दुपट्टा."

त्यानं दिला. मामीनं तो नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं, त्यावर गुलाबपाणी शिंपडलं, आणि ताटातलं कुंकू ओलं करून बोटानं मधोमध स्वस्तिक काढलं. दोघांनी दोन टोकं धरली आणि मंगलाष्टकं सुरू झाली. बातमी तोवर मंडपात पसरली होती. पहिल्या कडव्यालाच कोणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं, आणि दुपट्ट्याआड नवरीचेच खांदे हलताना दिसले. माझा नवरा छाती काढून उभा होता. आयुष्यात त्याच्या कपड्यांना एवढा मान कधी मिळाला नव्हता.

मी मात्र अक्षता टाकायच्या विसरले. मूठ तशीच धरून उभी होते, कारण मला मामेभावाचं वाक्य ऐकू येत होतं: घेऊनच घेणार होतो ना, म्हणून म्हटलं.

हे मी लिहिलं होतं. अगदी हेच. माझा क्लायंट ब्रोकरकडून निरोप हातात येताक्षणी पहिल्या ओळीत "मिळाला" अशी पोच देत होता. रिपोर्टची फाईल बनवणं पुढं, पाठवणं त्याच्या पुढं. लिहिताना मला ते शिष्टाचाराचंच वाटलं होतं, कोणी काही दिलं की आधी हो म्हणावं. पण पोच मिळाली की ब्रोकर ते डोक्यातून काढून टाकतो. आणि त्यानंतर, फाईल अर्धी झालेली असताना, लाइट गेली तर? रिपोर्ट गेला. ब्रोकर पुन्हा देणार नाही, क्लायंटला आठवणार नाही, आणि कुठंतरी एक डॉक्टर वाट पाहत बसणार. मामेभाऊ गप्प राहिला असता तर मामीनं फोन करकरून, नाहीतर दुसऱ्या कोणाला पिटाळून, आंतरपाट आणवला असता. तो "घेतलाच" म्हणाला, तिथंच आंतरपाट गेला.

माझ्या टेस्टनं हे पकडलं का नाही? कारण माझा खोटा ब्रोकर भलताच भोळा होता. द्यायचा आणि विसरायचा. क्लायंट मध्येच मेला, म्हणजे बंद पडला, तर काय, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं, कारण मला हिरवं पाहायची घाई होती.

जेवायला बसलो तेव्हा मंडपवाल्याचा माणूसही बर्फ घेऊन आला. आता बर्फच बर्फ. मठ्ठा इतका गार झाला की दात शिवशिवायला लागले. पोट्ट्यांनी खडे एकमेकांच्या शर्टात टाकले. म्हातारे दुपट्ट्यात बर्फ बांधून डोक्यावर ठेवून बसले आणि म्हणाले, असं थंड लग्न अकोल्यात उन्हाळ्यात पाहिलं नाही. मामा पोरावर ओरडत होता, "आणला होता तं सांगाले काय झालं होतं तुले?" मी वांग्याची भाजी खाता खाता थांबले. हेही तेच होतं, फक्त उलटं. काम झालं, पण पोच गेली नाही, म्हणून ते पुन्हा झालं. बर्फाचं ठीक आहे. रिपोर्ट पुन्हा गेला तर डॉक्टर म्हणेल, हे दोन पेशंट आहेत का एक?

एकाच लग्नात माझ्या कोडच्या दोन्ही चुका जेवायला बसल्या होत्या. मी नवऱ्याला म्हटलं, "चाल, निघू."

"बुंदी तं येऊ दे."

बुंदी खाऊन संध्याकाळच्या एसटीनं निघालो. नवऱ्याच्या खांद्यावर कुंकवाचं स्वस्तिक असलेला दुपट्टा, माझ्या मांडीवर लॅपटॉप. नेट नव्हतं, आणि मजा म्हणजे ते लागतही नव्हतं. मी त्या भोळ्या ब्रोकरला काढून टाकलं आणि नवा लिहिला. हा काय दिलं ते लक्षात ठेवणार. पोच येईपर्यंत विसरणार नाही. क्लायंट मध्येच मेला तर दुसऱ्या क्लायंटला तेच काम सांगणार. आणि पोच आली नाही, तर झालेलं कामही पुन्हा सांगणार. कोडमध्ये मी त्याचं नाव ठेवलं मामी.

मग टेस्ट लिहिली. मामी एक निरोप देते. क्लायंट निरोप घेतो, आणि फाईल बनवताना मी त्याला मारून टाकते. नवा क्लायंट येतो. मामी त्याला काही देते का? रिपोर्ट शेवटी डॉक्टरला पोचतो का? मूर्तिजापूर मागं टाकल्यावर मी बटण दाबलं. लाल.

मी एवढ्या मोठ्यानं हसले की कंडक्टरनं वळून पाहिलं.

नवरा म्हणाला, "लाल झालं ना? मंग हसून काहून राहिली?"

"सापडलं म्हणून."

खरंच इतका आनंद मला हिरव्यानं कधी झाला नव्हता. ही चूक माझ्या मांडीवर सापडली, डॉक्टरच्या टेबलावर नाही. मी पोचची ती ओळ उचलली आणि सगळ्यात खाली नेऊन ठेवली. आधी फाईल, मग पाठवणं, मग "मिळाला". पुन्हा चालवलं. हिरवं. मग बर्फाची टेस्ट लिहिली: रिपोर्ट गेला, पण पोच द्यायच्या आधी क्लायंट मेला. मामी पुन्हा तोच निरोप देते. डॉक्टरला किती रिपोर्ट मिळाले? दोन. लाल. ते कसं सोडवायचं याचा विचार करता करता बडनेरा आलं आणि बॅटरी संपली.

घरी आल्यावर नवऱ्यानं भीत भीत विचारलं, "उद्या काय सांगशील त्याले? जुन्या टेस्ट तं सगळ्या हिरव्या आहेत. त्याच दाखव. ही मागून दुरुस्त करून घेजो."

तो वाईट सांगत नव्हता. माझ्याच डोक्यात ते बसमधून उतरल्यापासून होतं. हिरवं दाखवायचं, जून टळला, मग आरामात दुरुस्ती. नाहीतर स्वतःच्या तोंडानं सांगायचं की मी लिहिलेला क्लायंट रिपोर्ट हरवतो, आणि तो माणूस शांतपणे म्हणणार, म्हणूनच तुम्ही इथं या. मी नवऱ्याला कूलरमध्ये पाणी भरलं का विचारलं, तो "भरलंच" म्हणाला, आणि मी जाऊन पाहिलं तर कूलर कोरडा. आम्ही दोघंही हसत सुटलो.

सोमवारी सकाळी लीड कॉलवर आले.

"हं. झालं का?"

"झालंच सर" हे शब्द जिभेवर आलेच होते. मी ते गिळले.

"नाही झालं," मी म्हटलं. "शुक्रवारी मी झालं म्हटलं होतं, ते चूक होतं. माझा क्लायंट काम करायच्या आधी पोच देऊन राहिला होता. मध्ये बंद पडला तर रिपोर्ट हरवते. ते काल पकडलं, ते हिरवं झालं. दुसरी एक टेस्ट अजून लाल आहे. रिपोर्ट दोनदा जाते. ते आज करते."

बोलताना माझं सगळं धुतलेलं मराठी कुठंतरी गेलं होतं. समोरून टाइप केल्याचा आवाज आला.

"तुमचा खोटा ब्रोकर मला पाठवा," ते म्हणाले.

पाठवला. मी खिडकीबाहेर पाहत बसले. नवरा दर्यापूरला जायला निघाला होता, पण जात नव्हता, दारात चप्पल घालून उभा होता.

"मी इथं आमच्या बाकीच्या क्लायंटवर चालवून पाहिला," लीड म्हणाले. आवाज तसाच, पण थोडा हळू. "तीच ओळ सगळीकडे आहे. मी लिहिलेल्यातसुद्धा. आमच्या टेस्ट दोन वर्षं हिरव्या आहेत." मग ते पहिल्यांदा हसले. "ही मामी कोण आहे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. आंतरपाट, बर्फ, दुपट्टा, गुलाबपाणी. सांगताना मी "जाऊन राहिली", "देऊन राहिली" बेधडक म्हणत होते आणि ते एकदाही त्यावर हसले नाहीत. दुपट्ट्याला हसले.

शेवटी म्हणाले, "असं करू. ही मामी आम्हाला इथं सगळ्या टीमसाठी लागेल. तिला पाठवा पुण्याला. तुम्ही तिकडेच राहा."

मी कॉल बंद केला. नवऱ्याला सांगायची गरज पडली नाही. त्यानं माझं तोंड पाहिलं, खांद्यावरचा स्वस्तिकवाला दुपट्टा डोक्याला गुंडाळला, आणि कॉलेजला जायला उशीर झालेला असूनही जीपच्या अड्ड्याकडं निवांत चालत गेला.

मग मी मामीला फोन लावला. ती लग्नाची भांडी परत मोजून देत होती, मागं खणखणाट चालू. मी म्हटलं, "मामी, माह्या पुण्याच्या सायबानं सांगितलं, मले इथंच राहू देतो, पण तुले तिकडं पाठवाले लागते."

खणखणाट थांबला. मामीनं जरा विचार केला.

"मंग राहजो तू इथंच, माय," ती म्हणाली. "अन् त्याले सांग, मामी निघालीच."